बाबांचा लेख आणि दिरांचा ब्राउझर

माझ्या धाकट्या दिरांना कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नाही. रविवारी आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या घरी जेवायला आले की हात धुवायच्या आधी टीव्हीचे चॅनल वरखाली करून ठेवायचे. आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि त्यांना मोकळं रानच मिळालं. ते अंधेरीला एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम बघायचे, त्यामुळे त्यांना अडवायची कुणाची हिंमत नव्हती. नवरा तर कौतुकाने शेजारी स्टूल ओढून बसायचा.

मला त्या कॉम्प्युटरवर एकच गोष्ट हवी असायची. माझे वडील कोकणात एका तालुक्याच्या गावी एकटेच राहत होते. निवृत्त मास्तर. तिथल्या एका छोट्या दैनिकात अधूनमधून लिहायचे. गटार तुंबलं, एसटी वेळेवर येत नाही, कधी एखादी जुनी आठवण. आधी ते कात्रणं पोस्टाने पाठवायचे. पुढे तो पेपर इंटरनेटवर यायला लागला, तेव्हा मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, आता कात्रणं नका पाठवू. मी इथे सकाळीच वाचते." स्क्रीनवर पेपरची एक खूण करून घेतली होती. दोनदा टिचकी मारली की पेपर समोर. सकाळी पाणी भरून झालं की चहाबरोबर मी तो उघडायचे.

एका सोमवारी उघडला तर सगळा कचरा. मराठीचं एक अक्षर नाही. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच स्वल्पविराम. मला वाटलं, पेपरवाल्यांचंच काहीतरी बिघडलंय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्यातच आईचं वर्षश्राद्ध आलं. मी बाळाला घेऊन गावी गेले आणि तीन दिवसांत परत आले. बाबा तिथे काही बोलले नाहीत. पण त्या रविवारी त्यांचा फोन आला.

"आजचं वाचलंस का? तुझ्या आईवर लिहिलंय."

मी खोटं बोलले. त्यांचा आवाज इतका उत्सुक होता की 'अजून नाही' म्हणवेना. उद्यापर्यंत साइट सुधारेल, मग वाचू, असा हिशेब केला. म्हटलं, "हो, वाचलं. छान लिहिलंय."

"शेवटचा परिच्छेद घालू की नको, असं चाललं होतं माझं. तुला चालला ना?"

"चालला की. का नाही चालणार?"

बाबा म्हणाले, "बरं झालं. ओझं उतरलं."

साइट आठवडाभर काही सुधारली नाही. पुढच्या सोमवारी शाळेच्या ऑफिसातल्या नोकरीवरून सुटल्यावर मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. तिथे तोच पेपर उघडला, स्वच्छ मराठीत. मी कॅफेवाल्याला घरचं सांगितलं. पन्नाशीचा माणूस होता, शांतपणे ऐकून म्हणाला, "मॅडम, ये पेपर का फाँट अलग है. सिर्फ पुराने ब्राउझर में खुलता है. घर पे किसी ने डिफॉल्ट चेंज किया होगा."

"डिफॉल्ट मतलब?"

"मतलब आप कुछ भी खोलो, कॉम्प्युटर अपने आप किसमें खोलेगा, वो."

किसी ने. कुणी ते सांगायची गरज नव्हती. आणि बाबांचा लेख शोधायला गेले तर तो नव्हता. पेपर सातच दिवसांचे अंक ठेवायचा. आठवा दिवस होता.

घरी आले तेव्हा नवरा नखं कापत बसला होता. मी विचारलं, "ब्राउझर कुणी बदलला?"

"अगं, त्यानेच. जुन्यात व्हायरस येतात म्हणाला. चांगल्यासाठीच केलंय."

"मला कुणी विचारलं?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

हे तो चिडून नाही, सहज म्हणाला. त्यामुळे ते जास्त झोंबलं. कॅफेवाल्याने पावतीमागे लिहून दिलेल्या पायऱ्या घेऊन मी बसले. तीन ठिकाणी टिचकी, एका चौकोनात खूण, ओके. बादली भरायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पेपर मराठीत आला. एसटीचं वेळापत्रक आलं, बांगड्याचा भाव आला. माझ्या आईवरचा लेख तेवढा नाही आला.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन करून खरं सांगितलं.

"म्हणजे चालला म्हणालीस ते?"

"न वाचताच म्हणाले, बाबा."

"झेरॉक्स पाठवतो," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

पाकीट आलं ते मी खाली टपालपेटीजवळ उभ्यानेच फोडलं. आई बाबांच्या लेखातले ऱ्हस्वदीर्घ कसे दुरुस्त करायची, ते वाचताना हसूही आलं. मग शेवटचा परिच्छेद. आईला कॅन्सरच्या गाठीचं ती जायच्या सहा महिने आधीच कळलं होतं. मला सांगायचं नाही, अशी तिने बाबांना शपथ घातली होती, कारण तेव्हा मला सातवा महिना होता. मला सांगितलं तेव्हा महिनाच उरला होता. हे अख्ख्या तालुक्याने माझ्याआधी वाचलं. आणि बाबांना मी म्हणाले होते, चालला की!

कुणावर चिडू तेच कळेना. आई नव्हती. बाबांवर ओरडायचा हक्क मी स्वतःच घालवला होता. उरले दीर. पुढच्या रविवारी ते आले आणि सवयीने खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, हे परत जुनं कुणी केलं?"

"मी. आणि भाऊजी, उठा तिथून. यापुढे हात लावायचा नाही."

"अहो, तुमच्याच सेफ्टीसाठी..."

"माझ्या भल्याचं मला विचारून करायचं! नाहीतर करायचं नाही!"

माझा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा. नवरा "एका ब्राउझरसाठी एवढं?" म्हणाला, तेव्हा मी झेरॉक्स त्याच्यासमोर आपटली. त्याने वाचली आणि घडी घालून मला परत दिली. दिरांनी मात्र वाचली नाही. न जेवता गेले, आणि चार महिने आले नाहीत. सासूबाईंच्या लेखी भांडकुदळ मी.

बाबांशी बोलायला मला दोन आठवडे लागले. "मला का नाही सांगितलंत?" म्हटल्यावर ते म्हणाले, "शपथ होती ना बाळ." मी म्हटलं, "ती गेल्यावर पण?" तेव्हापासून बाबा कात्रणं पुन्हा पोस्टाने पाठवायला लागले.

काही वर्षांनी त्या पेपरने फाँट बदलला आणि तो सगळ्याच ब्राउझरांत उघडायला लागला. तोवर आमचा जुना खरंच डबघाईला आला होता, शेवटी मीच नवा टाकून घेतला. दीर बघून म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो, वहिनी."

सांगत नव्हते. त्यांनी परस्पर करून टाकलं होतं. हे मी त्यांना त्या दिवशी पुन्हा ऐकवलं, आणि या वेळी नवरा मध्ये पडला नाही.