शनिवारी कुणी घरी जायचं नाही

आमच्या समाजशास्त्राच्या सरांसारखा छळवादी माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या सहकाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. बरं, छळ तरी कसला म्हणावा? चहाडी नाही, राजकारण नाही, कुणाच्या रजेवर डोळा नाही. गृहस्थ फक्त शिकवायचे. मुलांना शिकवायचे ते ठीकच, नोकरीच ती आहे. पण ते आम्हाला शिकवायचे! अकोले तालुक्यात, राजूरच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला आमचं छोटंसं कॉलेज. मी तिथं इतिहास शिकवते. सरांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून, म्हणजे पहिला वार नेहमी माझ्यावरच. वर्गात एखादी नवी युक्ती जमली की ती पोटात ठेवणं या माणसाला मरणाहून अवघड. तास संपायच्या आत खडूचे हात घेऊन स्टाफरूममध्ये यायचे आणि डबा उघडलेल्या माणसाला म्हणायचे, "मॅडम, जेवण नंतर. आधी उठा, गोल करा."

शनिवार तर त्यांनी गिळलाच होता. शेवटचा तास झाला की सामाजिक शास्त्रांच्या सगळ्या शिक्षकांनी थांबायचं आणि एकमेकांना आपापले प्रयोग दाखवायचे, हा त्यांचा कायदा. नुसतं सांगून भागायचं नाही. बाकांवर विद्यार्थी म्हणून बसायचं आणि तो तास सोसायचा. राज्यशास्त्राच्या सरांची स्कूटर दर शनिवारी न चुकता बिघडायची. अर्थशास्त्राच्या मॅडमच्या सासूबाईंना त्याच दिवशी चक्कर यायची. मला ना स्कूटर ना सासू, त्यामुळं मी आयतीच सापडायचे. एकदा कुटुंबसंस्था शिकवायची नवी रीत म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांचं एक एकत्र कुटुंब केलं. मी सासू, आणि चुकून आत डोकावलेले प्राचार्य धाकटी सून. चहा आला तेव्हा सरांनी प्राचार्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर तुम्ही. आता कसं वाटतंय ते बोला." प्राचार्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

दुसऱ्याची युक्ती तर ते आणखी जोरात वाटायचे. मी एकदा सहज मुलांना आपापल्या आजीचं माहेर विचारून यायला सांगितलं आणि त्यावरून दुष्काळातलं स्थलांतर शिकवलं. सर खिडकीबाहेर उभे होते, हे मला काय ठाऊक! संध्याकाळपर्यंत माझ्या फोटोसकट तो 'नवोपक्रम' जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरला. नंतर कितीतरी दिवस अनोळखी प्राध्यापक मला फोन करून विचारत होते, आजी हयात नसेल तर काय करायचं?

हे सगळं मी सोसलं. पण विद्यापीठाची समिती आली त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते आठवलं की अजून डोकं फिरतं. आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला समाजशास्त्र हा एकच विषय. मुलं कमी होत चाललेली, त्यामुळं तो वर्ग ठेवायचा की बंद करायचा हे ठरवायला समिती येणार होती. वर्ग गेला तर पोरांनी दुसऱ्या वर्षानंतर एकतर संगमनेर गाठायचं नाहीतर घरी बसायचं. सर सुट्टीभर वाड्यावस्त्या पालथ्या घालून आले होते. कुठल्या घरातली पोर पुढं येईल, कुणाच्या बापाला कसं पटवायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. आम्ही हात जोडून सांगितलं, "सर, एवढंच बोला. आज प्रयोग नको." ते म्हणाले, "छे छे, साधंच करू."

साधंच म्हणजे काय? समिती आली तर व्यासपीठावर खुर्च्याच नाहीत. सगळे गोलात, मुलांच्या मांडीला मांडी लावून. प्रत्येकाच्या हातात तीन चिंचोके. एकदा बोललं की एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा. संपले की तोंड बंद. सरांचा एक स्वागतात गेला. दुसरा नियम समजावण्यात. तिसरा, अध्यक्ष चिंचोका न टाकताच बोलले म्हणून त्यांना टोकण्यात! आणि मग अध्यक्षांनी मुद्द्याचं विचारलं, "विद्यार्थी वाढवायला तुमची योजना काय?"

सर गप्प. मी दातओठ खात कुजबुजले, "बोला ना, सर!" माझा चिंचोका त्यांच्याकडं सरकवला, तर त्यांनी मान हलवून तो परत ढकलला. मला तर त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. तेवढ्यात समोरची एक मुलगी उठली. वरच्या वाडीवरची, तिन्ही वर्षं हजेरीलासुद्धा नुसती मान हलवणारी. ताटलीत चिंचोका टाकून म्हणाली, "सर, माझं यंदा हुईल. पर मागं बहीन हाय. तिसरं वरीस हितं न्हाई म्हनल्यावर घरचे तिला संगमनेरला न्हाई धाडायचे. सांजची गाडी कवा येती, कवा येतबी न्हाई. तिचं लगीनच लावत्याल." अध्यक्षांनी मान डोलावली, पुन्हा सरांकडं वळून तोच प्रश्न विचारला, आणि सर पुन्हा गप्पच बसले.

वर्ग बंद झाला. समितीनं लिहिलं, ठोस योजना आढळली नाही. संस्थेनं सरांची बदली थेट जामखेडला केली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निरोपाच्या दिवशी माझा तोल सुटला. म्हटलं, "कसला हो तुमचा नियम! दोन वाक्यं बोलला असतात तर वर्ग वाचला असता!" ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी बोललो असतो तर ती उठली असती का, मॅडम?" "अहो, पण वर्ग गेला!" "गेला," ते म्हणाले, आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला लागले. मला फार वाईट वाटलं, आणि राग काही गेला नाही.

यंदा ती धाकटी बहीण माझ्याकडं पहिल्या वर्षाला आलीय. शेवटचा बाक, मान खाली. काही विचारलं की ओढणीचं टोक पिळते, बोलत नाही. मी जंग जंग पछाडलं. शेवटी वैतागून जामखेडला फोन लावला. इतक्या वर्षांत मी आपणहून त्यांना काही विचारलं ते पहिल्यांदाच. वाटलं, आता तासभर सुटका नाही. पण त्यांनी फक्त ती कुठं बसते ते विचारलं. मग हळूच म्हणाले, "तिला पुढं बोलावू नका. तुम्हीच तिच्या बाकावर जाऊन बसा. पण लवकर करा, मॅडम. तुमच्याकडं आता दोनच वर्षं असतात."

दुसऱ्या दिवशी मी खडू टेबलावर ठेवला आणि तिला म्हटलं, "सरक गं जरा."