एकशे सदुसष्ट प्रेक्षक आणि नऊशे चाळीस नावं

तिसऱ्यांदा मोजलं तरी एकशे सदुसष्टच भरले.

पहिल्यांदा वाटलं, माझीच काहीतरी गफलत. दुसऱ्यांदा खुर्च्यांची एकेक ओळ धरून मोजलं. तिसऱ्यांदा हाफ टाइमला, म्हणजे मध्यंतरात, चहाच्या ठेल्यापाशी गेलेल्यांनाही जमेस धरलं. चहावाला आणि कुंपणाला टेकून शेंगा खात असलेले दोन पोलीस सोडले, तर त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये एकशे सदुसष्ट माणसं होती. बाकी सगळ्या निळ्या खुर्च्या थंडीच्या उन्हात रिकाम्या.

सोमवारी क्लबचा कागद ऑफिसात आला. कालच्या मॅचचे प्रेक्षक: नऊशे चाळीस.

मी बनारसला सरकारी नोकरीत आहे. सांख्यिकीत, म्हणजे आकडे गोळा करायचे आणि ते खरे आहेत का ते बघायचं. माहेर नागपूरचं. नवऱ्याच्या बदलीमागून इथे आले आणि इथलीच झाले. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि भांडण असलं की दोन्ही. गेली बावीस वर्षं मी शाळेतली मुलं मोजली, हँडपंप मोजले, एकदा तर म्हशीही मोजल्या. गोड बोलून चढवलेला आकडा मला लांबून ओळखू येतो असा माझा समज होता.

स्टेडियमची गोष्ट अशी, की ते लोकांच्या पैशातून बांधलेलं. त्यामुळे ते नुसतं पडून राहिलं तर वर उत्तर द्यावं लागतं. म्हणून ऑफिसने एका स्थानिक फुटबॉल क्लबला ते फुकट वापरायला दिलं होतं, पण अट घालून. प्रत्येक होम मॅचला, म्हणजे आपल्या मैदानावरच्या मॅचला, किमान पाचशे प्रेक्षक हवेत. कमी पडले तर एकदा ताकीद. पुन्हा कमी पडले तर मैदान गेलं. आणि आकडा खोटा दिला तर ताकीदसुद्धा नाही, करार त्याच दिवशी रद्द.

फुटबॉलमध्ये जाहीर केलेला आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असतं, हे काही नवीन नाही. बरेच जण वाटलेली तिकिटं मोजतात. तिकीट घेऊन माणूस घरी झोपला असला तरी तो प्रेक्षक. म्हणून आम्ही गेट काउंट करतो. गेटवर उभं राहायचं, हातात छोटा काउंटर, एक माणूस आत गेला की एक टिचकी. त्या रविवारी मी कोण ते न सांगता गेले होते, म्हणून गेटवर उभी न राहता खुर्चीत बसून मोजत होते.

आमच्या साहेबांनी माझ्या मोजणीचा आणि क्लबचा असे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खूश झाले. ते वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे मंडपवाल्यांचे सारखे फोन येत होते. लग्नांना, जलशांना ते मैदान हवं होतं. शुक्रवारपर्यंत अहवाल द्या, खोटा आकडा दिला एवढं एका ओळीत लिहा, विषय संपला, असं ते म्हणाले. मीही तेच लिहिणार होते. फक्त लिहिण्याआधी मूळ कागद बघायचा, ही माझी जुनी खोड.

क्लबचं ऑफिस म्हणजे बालाजी घाटाजवळच्या गल्लीतली, सेक्रेटरींच्या घरातली पुढची खोली. दार उघडलं आणि मला ओशाळल्यासारखं झालं. सेक्रेटरी म्हणजे रविवारी स्टेडियममध्ये माझ्याशेजारी येऊन बसलेले म्हातारे गृहस्थ. पांढरं धोतर, वर मफलर, काखेत लांबलचक लाल वही. तेव्हा त्यांनी हिंदीत नाव विचारलं, मग माझं आडनाव ऐकून एकदम मराठीत घुसले. घरी कोण कोण, माहेर कुठलं, मुलगा काय करतो. परमुलखात असं मराठीत कोणी विचारलं की माणूस सगळं सांगून मोकळा होतो. मीही झाले होते.

त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचे ते उपाध्याय. पाच-सहा पिढ्या हेच काम. फुटबॉलचा नाद त्यांना शाळेत असताना लागला तो सुटलाच नाही. क्लबमध्ये मुलींची टीमही त्यांनीच काढली.

मी आता कोण आहे ते सांगितलं. त्यांना जराही राग आला नाही. म्हणाले, "मग तर अच्छाच झालं ताई. हिशेबाचं माणूस आहे म्हणजे वही नीट बघाल."

वही बघितली. मला वाटलं होतं, नऊशे चाळीस हा हवेतून काढलेला आकडा असेल. तो हवेतला नव्हता. तिथे नऊशे चाळीस नावं होती. सुबक अक्षरात, मोहल्ल्यासकट. मी बोट ठेवलं ते एका दूधवाल्याच्या नावावर. त्याच्याखाली त्याचे वडील, आई, दोन भाऊ, भावजया, पोरं. एकूण अकरा.

"हे अकरा जण आले होते?"

"नाही नाही. तो एकटाच आला होता."

"मग अकरा कसे लिहिले?"

"घर त्याचंच आहे ना," गुरुजी म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

मग मला हळूहळू उलगडलं. तीर्थावरच्या उपाध्यायांच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे माहीत असेल. गावाकडून एक माणूस येतो. तो गंगेत डुबकी मारतो ती घरातल्या सगळ्यांच्या नावाने. उपाध्याय वहीत त्या एकट्याचं नाव लिहीत नाहीत, सगळं खानदान लिहितात. पुढे पन्नास वर्षांनी नातू आला की त्याला आजोबांचं नाव त्यात सापडतं. गुरुजींच्या वडिलांनी असंच लिहिलं, आजोबांनी असंच लिहिलं. ऑफिसने गुरुजींना सांगितलं, आलेल्यांची नोंद ठेवा. त्यांना नोंद ठेवायची एकच पद्धत येत होती.

मी पानं उलटत गेले आणि एका पानावर माझं नाव आलं. खाली नवरा, सासूबाई, बंगळूरचा मुलगा. आणि शेवटी माझे बाबा. नावापुढे लिहिलं होतं: नागपूरला ऑफिसच्या टीममधून खेळत, डाव्या कडेने, लेफ्ट आउटला.

बाबा गेल्या वर्षी गेले. तेही मी गुरुजींना सांगितलं होतं.

"गुरुजी, अहो, गेलेल्या माणसालाही तुम्ही मॅच दाखवलीत."

"तुम्ही सांगितलं ना, ते तुम्हाला बोट धरून मॅच बघायला न्यायचे. मग तुम्ही बसलात आणि त्यांना सोडून द्यायचं? ते बरं दिसत नाही."

मी वही मिटली. डोळे भरून आले होते आणि मी सरकारी कामावर होते. बावीस वर्षांत तपासणीला गेले असताना रडायची ही माझी पहिली वेळ. गुरुजींनी आतून पाणी आणून ठेवलं.

तेवढ्यात रविवारी खेळलेल्या मुलींच्या टीमची गोलकीपर आली, नाझिया. विणकराची मुलगी, अठरा-एकोणीस वर्षांची, हाताला पट्टी बांधलेली. मी ऑफिसातून आलेय हे कळल्यावर तिने थेटच विचारलं, मैदान जाणार का. स्टेडियम मिळण्याआधी या मुली गंगेपलीकडच्या रेतीवर खेळायच्या. पावसाळ्यात नदी चढली की ती रेतीही जायची.

ती म्हणाली, "मॅडम, रेती पे डाइव मारो तो चोट नहीं लगती. पर गेंद उछलती ही नहीं. बाहर खेलने जाते थे तो पहले दस मिनट तो उछाल समझने में ही गोल खा जाते थे."

मी काहीच कबूल केलं नाही. कबूल करण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पण रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडे कोण उभं आहे ते मी आता पाहिलं होतं.

अहवालात मी खरा आकडा लिहिला, एकशे सदुसष्ट. खाली लिहिलं की क्लबने दिलेला आकडा हजर माणसांचा नसून त्यांच्या कुटुंबीयांचा आहे, नोंदवहीत प्रत्येकाचं नाव आणि मोहल्ला आहे, आणि फसवण्याचा हेतू दिसत नाही. त्यामुळे कमी प्रेक्षकांबद्दलची ताकीद लागू होते, खोट्या आकड्याबद्दलची कारवाई नाही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, ये रिपोर्ट है या कथा?"

"सर, खोटं बोलणारा माणूस पत्ते देत नाही," मी म्हटलं. "हवं तर कोणत्याही घरी जाऊन विचारा. माझ्या घरापासून सुरुवात करा."

साहेबांनी पेन उचललं. शेवटी त्यांनी ताकीद दिली आणि बजावलं, पुढच्या मॅचला गेटवर तुम्ही स्वतः उभं राहायचं. पाचशे म्हणजे पाचशे.

हे गुरुजींना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. त्यांना ताकीद समजली, पाचशे समजले, मॅच पंधरा दिवसांवर आहे हेही समजलं. वही मात्र त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"म्हणजे ताई, मी झूठ लिहिलं?"

मी एवढंच म्हटलं, की गंगेवर एकाने सगळ्यांच्या वतीने आलेलं चालतं, गेटवर नाही चालत. तिथे ज्याला त्याला स्वतःलाच यावं लागतं. मी त्यांचं मन दुखवलं हे मला कळत होतं, आणि दुसरा काही इलाज नव्हता.

पुढचे पंधरा दिवस गुरुजी वही काखेत मारून गल्ल्या पालथ्या घालत होते. मुली आळीपाळीने सोबत असायच्या. दार वाजवायचं, वही उघडून घरातल्या माणसाला त्याचं नाव दाखवायचं. हे बघा, तुम्ही मॅचला आला होतात असं मी लिहून बसलोय. आता तुम्ही आला नाहीत तर मी खोटा पडतो. एका घरातल्या आजीने म्हणे त्यांना चांगलंच झापलं, की नाव लिहायच्या आधी विचारायचं तरी. मग तिनेच विचारलं, मॅच किती वाजता आहे.

मॅचच्या दिवशी दुपारी मी काउंटर घेऊन गेटवर उभी राहिले. शिटी वाजली तेव्हा आकडा होता दोनशे चाळीस. बनारसचा माणूस वेळेवर येत नाही हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी ते आठवून धीर येईना. मग दूधवाल्याचं खानदान आलं, सगळे अकरा. मग शाली पांघरलेल्या बायका, कडेवर पोरं. प्रत्येक जण गेटवर थांबून सांगायचा, हमारा नाम लिखा है. मी म्हणायची, हो, चला आत.

गुरुजी आतल्या बाजूला उभे होते. वही घरी ठेवून आले होते. येणाऱ्या प्रत्येकाला नुसता नमस्कार करत होते.

हाफ टाइमला आकडा होता चारशे अठ्ठ्याऐंशी. नियमाप्रमाणे दुसरा हाफ सुरू झाला की मोजणी बंद. गेटवरच्या गार्डने माझ्या हातातला काउंटर वाकून पाहिला आणि हळूच म्हणाला, "बारह ही तो हैं, मॅडम." बारा टिचक्या. कोणाला कळलं नसतं. मैदानावर पाणी पीत उभी असलेली नाझिया माझ्याकडे बघत होती. खरं सांगते, अंगठा बटणावर होता. मी काउंटर दुसऱ्या हातात घेतला.

मग रस्त्याच्या वळणावरून ई-रिक्षा आल्या. एक, दोन, पाच, दहा. विणकरांचा मोहल्ला. नाझियाचे वडील, काका, शेजारीपाजारी, आणि पुढच्या रिक्षात पानाचा डबा मांडीवर घेतलेली तिची आजी. उशिराचं कारण म्हणजे आजीला तयार व्हायला वेळ लागला. आजीबाई उतरेपर्यंत मागची रांग खोळंबली, रेफरी मैदानात परतायला लागला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी मोजणीत ओरडले, "दादी, जल्दी!"

मोजणी बंद झाली तेव्हा आकडा होता पाचशे छत्तीस. मी तो तिथेच कागदावर लिहून सही केली. मॅच क्लब हरला, पण मैदान राहिलं. मुलींनी हरल्यासारखं अजिबात दाखवलं नाही.

मी कागद घेऊन गुरुजींकडे गेले. वाटलं होतं, आनंदाने उडी मारतील.

"पाचशे छत्तीस," मी म्हटलं.

"कमी आहेत," गुरुजी म्हणाले.

"अहो, हवे होते पाचशे."

"ते ऑफिसला. माझ्याकडे नऊशे चाळीस आहेत ताई." आणि ते बोटांवर सांगायला लागले. अमक्याचा भाऊ सुरतेला कामाला गेलाय, होळीला येईल. तमक्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उद्या बघून यायला हवं. एका घरात दोन भावांचं बोलणं बंद आहे, एक आला म्हणून दुसरा आला नाही. चारशे चार माणसं आली नव्हती, आणि त्यांतल्या बहुतेकांचं कारण या माणसाला पाठ होतं.

आता प्रत्येक मॅचनंतर ऑफिसात दोन कागद येतात. एक माझा, गेट काउंटचा. तो साहेबांच्या फाइलला लागतो. दुसरा गुरुजींचा. त्यात न आलेल्यांची नावं आणि कारणं असतात. हा कुठे लावायचा, असं क्लार्कने विचारलं. अशी फाइल आमच्याकडे नव्हती, म्हणून मी उघडली.

रिकाम्या खुर्च्या मोजणं सोपं असतं. त्या कोणाच्या आहेत हे विचारायचं मात्र मला बावीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.