हात ठेवला की गप्प बसणारा अ‍ॅम्प्लिफायर

तुमच्या घरातल्या तीन पिनांच्या प्लगची ती वरची जाड पिन भिंतीत शिरते, तिथून पुढे ती कुठे जाते, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे?

मी नव्हतं विचारलं. आणि मी तर अशी मुलगी, की जिच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा फरीदाबादच्या कारखान्यांमध्ये युनियनचं काम करायचे. त्यांनी छापून आणलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं ओळखायला शिकले. गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं आणि कारखान्यांच्या गेटवर उभं राहून वाटलं. अर्थिंग नसलेल्या मशीनला हात लावू नका, मालकाला जाब विचारा… हिंदीत, मोठ्या टायपात. त्यातलं एक मी दिगूकाकांनाही दिलं होतं. त्यांनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं, "जोरदार लिहिलंयस हं," म्हणाले, मग त्याची चौघडी करून डाव्या स्पीकरच्या पायाखाली सारली, कारण तो स्पीकर डुगडुगत होता.

दिगूकाका म्हणजे बाबांचे साताऱ्याचे शाळासोबती. केंद्र सरकारच्या एका खात्यात आयुष्यभर टिपणं लिहून निवृत्त झाले आणि शैलाकाकूंबरोबर गाझियाबादला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला गेले. फोन आला तो काकूंचाच. होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळचे साडेदहा वाजले होते, मी मेट्रोत होते. "अगं, काका उठत नाहीयेत… त्या खोक्यापाशीच पडलेत," एवढंच त्या म्हणाल्या. कुठलं खोकं, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. आणि लगेच कळलं, याचीच मला तेव्हापासून भीती वाटते आहे. आत्ता हे लिहितानाही मी लॅपटॉप चार्जरवरून काढून ठेवला आहे.

काकांच्या बैठकीच्या खोलीत कपाटाएवढे दोन लाकडी कर्णे होते, भोंग्याच्या घडणीचे जुने स्पीकर. एक जुनं सिनेमागृह पाडताना त्यांनी ते टेम्पोत घालून आणले. काकूंनी त्यांच्यावर जुन्या साड्या पांघरल्या होत्या. "दोन सवती आणून बसवल्यात घरात," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आणि दोघी माझ्याहून उंच." काका म्हणायचे, "पण बोलतात कमी." मला कर्णा माहीत होता तो गेटसभेतला, खांद्यावर घेऊन ओरडायचा. काका हसायचे. "पत्रकबाई, तुझा भोंगा ओरडायला, माझा ऐकायला. याला कुजबुज पुरते. दोन वॅट म्हणजे डोक्यावरून पाणी." बाकीचे स्पीकर जो दोष गिळून टाकतात, तो हे कर्णे खोलीभर पसरतात, हे त्यांनीच मला शिकवलं. त्यामुळे त्यांना ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर नको होता, पेन्शनीत बसणारा आणि अगदी शांत असा हवा होता. तसा मिळणं किती कठीण आहे, हे मी दोन वर्षं त्यांच्यामागे फिरून पाहिलं.

लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात ते पिशवीत कर्ण्याचा काढलेला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा आतला भाग, घेऊन जायचे. दुकानदाराला तो जोडायला लावायचे. दुकानदार उत्साहानं विचारायचा, "बाऊजी, कौन सा गाना लगाऊँ?"

"कुछ मत लगाओ."

"मतलब?"

"मतलब कुछ नहीं. बस चालू करो."

आणि त्या गलक्यात काका डोळे मिटून त्या मुक्या ड्रायव्हरला कान लावून उभे राहायचे. एक दुकानदार मला हळूच म्हणाला, "मैडम, अंकल की तबीयत ठीक है ना?" मोठमोठ्या दोनशे वॅटच्या पेट्या अशा नापास झाल्या; त्यांच्यातून चहाच्या किटलीसारखी शीss येत राहायची. शेवटी दोनच उरले. एक तळहातात मावणारा, चिनी चिपचा, प्लास्टिकच्या अडॅप्टरवर चालणारा. त्यात किंचित खरखर होती. दुसरा जुना, वापरलेला, पत्र्याच्या खोक्यावर जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे चार वॉल्व्ह बसवलेला, कुणा कारागिरानं हातानं बांधलेला. त्यात खरखर नव्हती. एक बारीक भुणभुण मात्र होती.

काका अडखळले. "तो छोटा बरा वाटतोय गं. डोक्याला ताप नाही."

आणि मी, माझ्या सगळ्या तत्त्वांसकट, तिथे भाषण दिलं. तो छोटा कुठल्याशा अंधाऱ्या कारखान्यात हजारांनी निघतो, हा एका माणसाच्या हातचा आहे, यात त्याचं कसब आहे… काकांनी हात जोडले. "चलो, पत्रकबाई म्हणतात तर हाच." हे वाक्य मी मार्चपासून मनात किती वेळा ऐकलं आहे, ते मला सांगता येणार नाही.

घरी आणून जोडल्यावर कर्ण्यांनी ती भुणभुण मोठी करून सांगितली. काकांनी तारा बदलल्या, खोकं हलवलं. मग एकदा सहज त्यांनी पत्र्यावर हात ठेवला आणि आवाज थांबला. हात उचलला, सुरू. ठेवला, बंद. "शैला, बघ, लाडावलाय. थोपटलं की झोपतो." त्या दिवसापासून ती सवयच झाली. खुर्ची खोक्याशेजारी, उजवा तळहात पत्र्यावर, डोळे मिटलेले. मांजर पाळल्यासारखं. मला तर ते दृश्य आवडायचं.

जानेवारीत एकदा चहाचा कप ठेवताना माझं बोट त्या पत्र्याला लागलं आणि झिणझिणलं. मी हात मागे घेतला. "काका, शॉक लागला."

"दिल्लीची थंडी आहे बाई. परवा दाराच्या कडीनं चटका दिला, काल स्वेटरनं. हवा कोरडी ना."

मला पटलं. इथे कोरड्या थंडीत ब्लँकेटसुद्धा ठिणग्या टाकतं. मी चहा प्यायले आणि मेट्रो पकडून गेले.

मार्च उजाडला, थंडी गेली. काकांनी लोकरीचे मोजे काढले, रबरी सपाता काढल्या. त्या सकाळी बाई नुकतीच लादी पुसून गेली होती. काका अनवाणी येऊन बसले आणि त्यांनी हात ठेवला. शेजाऱ्यांनी धावत येऊन मेन स्विच पाडला, तोवर उशीर झाला होता.

तेराव्यानंतर मी एका इलेक्ट्रिशियनला घेऊन गेले. त्यानं सॉकेट उघडलं, आतली अर्थिंगची हिरवी तार चिमटीत धरून ओढली. ती वीतभर बाहेर आली आणि संपली. "मैडम, ये तो कहीं जाती ही नहीं. दिखाने के लिए लगाई है." सगळ्या खोल्यांमध्ये तेच. बिल्डरनं तीन भोकांची सॉकेटं बसवली होती आणि तिसऱ्या भोकामागे फक्त भिंत होती. मग त्यानं खोकं पालथं केलं. आतल्या ट्रान्सफॉर्मरची जुनी वेष्टणं झिजत झिजत वीज पत्र्यात उतरत गेली होती. जमिनीत जायला तिला तार नव्हती… काकांनी हात ठेवला की वाट मिळायची, पायात मोजे-सपाता होत्या तोवर अगदी बारीक. म्हणून भुणभुण थांबायची. त्यांचे कर्णे महिनोन्महिने तेच सांगत होते, आणि आम्ही थोपटत होतो.

त्या बिल्डरच्या दारात मी पत्रकं वाटणार आहे, तक्रारही लिहिली आहे. रागाला माझ्याकडे जागा आहे, भाषाही आहे. भीतीला नाही. मला काकूंच्या एका प्रश्नाची भीती वाटत होती आणि गेल्या रविवारी त्यांनी तो विचारला. डाव्या कर्ण्याखालची चौघडी त्यांनी काढली होती. ती मांडीवर उलगडून, हिंदी अक्षरांवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हे तूच लिहिलंयस ना?"

"हो."

"मग तुला… कधी काही जाणवलं नव्हतं का गं?"

नाही म्हणता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. "जाणवलं होतं, काकू. जानेवारीत. बोटाला. काका थंडी म्हणाले, आणि मी ऐकलं."

काकूंनी कागद जुन्याच घड्यांवर दुमडला, गुडघे टेकून खाली बसल्या आणि तो परत कर्ण्याखाली सरकवला. "डुगडुगतोय तो," एवढंच म्हणाल्या. बाजूला खोकं आहे, प्लग काढलेलं. काकू त्यावरची धूळ लांबूनच, काठीला फडकं बांधून झटकतात. तळहाताएवढी एक जागा मात्र घासून घासून चकचकीत झाली आहे. तिथे धूळ दिसतच नाही.

हे पान घडी करून कशाखाली ठेवू नका. आज एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा आणि ती हिरवी तार कुठवर जाते ते मोजून दाखवायला सांगा. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. आणि तुमच्या घरातली एखादी वस्तू हात लावल्यावर गप्प बसत असेल, बोटाला झिणझिणत असेल, तर तिला पुन्हा हात लावू नका. मेन स्विच पाडा आणि मगच तिचा प्लग काढा. कुणी थंडी म्हणालं, तरी.