न वाजणारे जोडे

माझे सासरे गल्लीच्या तोंडाशी आले की घराला कळायचं. अचलपूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून ते दरसाल जोडे शिवून घेत. तळाच्या दोन कातड्यांमध्ये तो कोरड्या कातड्याची पट्टी घाली, म्हणजे पावलागणिक करकर व्हायची. त्या तळाला तेल लावायची बंदी होती. तेल लागलं की आवाज मेला. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात वाजणारे जोडे घालायचा मान चारच घरांचा. बाकीच्यांनी मुकाट चालावं.

आम्हा दोघी सुनांना त्या मानाचं काही पडलं नव्हतं. करकर ऐकू आली की पदर पुढे, तोंड बंद आणि हातात काम. मामाजी दारात येईस्तोवर आम्ही अशा बसलेल्या, जशा काही जन्मात हसलोच नाही!

मग सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला भाव आला. वेचणीच्या ऐन धांदलीत मामाजींनी अमरावतीहून विलायती बूट आणले. काळं, मऊ कातडं, तोंड दिसेल असं चकचकीत. गाव बघायला लोटलं. त्यांनी अंगणात चार फेऱ्या मारल्या. लोक कान देऊन ऐकत राहिले. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "हे वाजत काहून नाईत?"

"विलायतेत असेच असतात," मामाजी म्हणाले, आणि विषय संपला.

तिकडे नांदगाव खंडेश्वरला माझी आई अंथरुणाला खिळली होती. निरोप येऊन पंधरा दिवस झाले होते. वेचणीला बायका मिळेनात, म्हणून मामाजी मला सोडत नव्हते.

बूट आल्याच्या तिसऱ्या दिवशी, भरदुपारी, मी ओसरीवर जावेला मामाजींची नक्कल करून दाखवत होते. पदराचं टोक पिळून नाकाखाली मिशी धरली. "वेचनी होऊ दे, मंग जाय. माय काई पयून जाते काय?" जाऊ हसून हसून लोळली. मला मात्र एकाएकी रडूच फुटलं. "मले मायले पाहाचं हाय वो बाई! आग लागो त्या कापसाले!"

जावेनं पदर छातीपर्यंत ओढला. मला वाटलं, तिलाही रडू आलं. वळून बघते तर मामाजी उभे, पायात तेच विलायती बूट. मिशी अजून माझ्या हातातच होती.

ते सरळ आत गेले. पाय धुतले, जेवले, निजले. सकाळी सासूबाईंना म्हणाले, "धाकलीले नांदगावले पाठवा. गाडी जुपली हाय."

वाटेत दोन मुक्काम झाले. आईनं मला ओळखलं, हात धरला तो सोडेना. पण तिची वाचा तीन दिवसांपूर्वीच गेली होती. तोवर ती रोज विचारायची, पोरगी निघाली काय, असं भाऊ म्हणाला. चार दिवस ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

मामाजींनी त्या नकलेचा कधी शब्द काढला नाही. मीही गाडी दिल्याचं कधी बोलून दाखवलं नाही. ते बूट आठ दिवस आधी आले असते, तर आई माझ्याशी बोलली असती.