हातात न दिलेला पेपर

नियम करणाऱ्याचं काय जातं? धुळ्याच्या त्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नियम व्हरांड्यातल्या फळ्यावर लिहून ठेवला होता, आणि सुगंधाबाईंना झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी तो म्हणून दाखवला असता. नापास झालेल्या बाईला वर्ष पुन्हा करता येईल, पण एकदाच. दुसऱ्यांदा नापास झाली, गैरहजर राहिली, किंवा वर्तणुकीपायी पेपर रद्द झाला, तर नाव कमी. आणि इथलं नाव कमी झालं की स्कूल बोर्डाची मास्तरकीही गेली. तीन ओळींत बाईचा संसार निकालात काढला होता. लिहिणाऱ्याचं अक्षर मात्र मोठं सुंदर होतं.

सुगंधाबाई मूळच्या पाचोऱ्याकडच्या. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला सांगितलं, राहायचं तर राहा, नाहीतर वाट मोकळी आहे. त्या लेकीला कडेवर घेऊन भावाच्या दारात आल्या. सातवीची फायनल झालेली होती, म्हणून गावच्या मुलींच्या शाळेत चिकटल्या. पुढे बोर्डानं फर्मान काढलं, ट्रेनिंग करा नाहीतर घरी बसा. मग आठ वर्षांच्या झालेल्या लेकीला, भिकीला, भावाकडे ठेवून त्या चाळीसगावला गाडी बदलत धुळ्याला आल्या. भिकी पाठमोरी बसून राहिली होती. आई निघाली तरी तिनं वळून पाहिलं नाही. तेवढी एक पाठ सुगंधाबाईंच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही.

पहिल्या वर्षी गणितात गेल्या. दुसऱ्यांदा तेच वर्ष करायला निघाल्या तेव्हा भाऊ मगन स्टेशनवर पोचवायला आला होता. माणूस वाईट नव्हता, पण घरात बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. गाडी सुटता सुटता तो खाली बघत म्हणाला, "आक्का, यंदा पास व्हयनी ते पोर तुनी. नही ते मना इलाज नही." इलाज नाही म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. भिकीच्या बापाचा निरोप येऊन पडला होता, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरीला घेऊन जातो म्हणून. बापाला माया फुटली नव्हती. सवतीला तान्हं मूल होतं आणि घरात फुकटचे दोन हात हवे होते.

तर पास व्हायचंच होतं. वाट अडवून बसलं होतं ते गणित. ते शिकवायला होते झुलाल गुरुजी.

झुलाल गुरुजी गावकुसाबाहेरच्या वाड्यातले. लहानपणी शाळेच्या ओट्याखाली उभं राहून शिकलेले, आणि आता धोतर-कोट घालून बायकांना शिकवायला शिकवत होते. हसणं त्यांना माहीत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पण संध्याकाळी वर्ग सुटल्यावर ते मागच्या पडवीत सुगंधाबाईंकडून व्यवहारी अपूर्णांक घोटून घ्यायचे. चार भाकरी तीन माणसांत कशा वाटाल, इथून सुरुवात. सुगंधाबाई वही पुढे करायच्या, गुरुजी हातात घ्यायचे, लाल शाईनं खुणा करून हातात परत द्यायचे. कॉलेजात काही बाया अशाही होत्या की वही टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरायच्या. गुरुजी त्यांना काही म्हणत नसत. पण कोण काय करते ते त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ज्याला जन्मभर वरून पाणी ओतलंय त्याच्या नजरेतून ते सुटेलच कसं?

आणि मग नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगाच नाही. गणिताच्या पेपरच्या दिवशी पहाटे सुगंधाबाई उठल्या, आणि उठल्या तशाच मटकन खाली बसल्या. महिन्याची अडचण नेहमीपेक्षा आठ दिवस आधीच आली होती.

आता बोर्डिंगची रीत अशी होती की अशा बाईनं चार दिवस अंगणाच्या कडेच्या खोलीत बसायचं. मेट्रन पुष्पाबाई रोज पहाटे फेरी मारून विचारायच्या, "कोणी बाजूला आहे का गं?" परीक्षा असली तरी त्यांच्याकडे सूट नव्हती. म्हणूनच की काय, परीक्षेच्या आठवड्यात ती खोली नेमकी रिकामी असायची. का ते ज्याचं त्यानं समजावं. बाकीच्या बाया तोंड मिटून पेपर द्यायच्या, जेवायच्या, मोकळ्या व्हायच्या.

सुगंधाबाईंना तसं मोकळं होता येत नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनीही तेच केलं होतं. गणिताच्याच दिवशी, अशाच अवस्थेत, सगळ्यांत मिसळून, सगळ्याला शिवून पेपर दिला, आणि नापास झाल्या. तो सरस्वतीचा कोप, हे त्यांच्या मनात खिळ्यासारखं बसलं होतं. कोणी काही म्हणो. शिकल्या म्हणून काय झालं, आईनं मनात घातलेलं असं पुसता येतं का?

पुष्पाबाईंनी विचारलं तेव्हा त्या "नाही" म्हणाल्या. आणि मनातल्या मनात देवीला हात जोडले. आई, पेपर लिहू दे. मी आज कोणाला शिवणार नाही, कोणाला माझा विटाळ होऊ देणार नाही. एवढं पाळते, तू एवढं दे.

पाण्याच्या माठाकडे त्या गेल्या नाहीत. जेवायला पोट दुखतंय सांगून बसल्या नाहीत. उपाशीपोटी, पदर आवळून, भिंतीच्या कडेकडेनं हॉलमध्ये पोचल्या आणि अगदी कोपऱ्यातलं मेज धरलं.

प्रश्नपत्रिका पाहिली आणि डोळ्यांत पाणीच आलं. सगळं येत होतं. भाकरीची वाटणी येत होती, नफातोटा येत होता. टाक पळत होता. वर्षभर अडून बसलेलं गणित त्या दिवशी माहेरवाशिणीसारखं आपणहून पुढे आलं. भिकीला आणायला अखाजीच्या आधी जायचं की नंतर, एवढाच प्रश्न आता राहिला असं त्यांना वाटलं.

घंटा झाली. पेपर गोळा करायला होते झुलाल गुरुजी. दाराशी उभं राहून एकेकीचा पेपर घेत होते. सुगंधाबाई सगळ्यांत मागे राहिल्या, कोणाचा धक्का नको म्हणून. पुढे आल्या. गुरुजींनी हात केला. आणि सुगंधाबाईंनी, अशा दिवसांत घरी आईपुढे, वहिनीपुढे वस्तू ठेवायची त्यांच्या हाताला जी सवय होती त्या सवयीनं, वाकून पेपर जमिनीवर ठेवला, पदर सावरला आणि दोन पावलं मागे सरल्या.

दाराबाहेर थांबलेल्या बाया वळून पाहायला लागल्या.

गुरुजींचा हात तसाच पुढे राहिला होता. मग त्यांनी तो मागे घेतला, खाली वाकून पेपर उचलला, आणि सरळ प्रिन्सिपॉल साहेबांच्या खोलीकडे चालू लागले. आपल्या हातून काय झालं ते सुगंधाबाईंना तेव्हा कळलं.

थोड्याच वेळात बोलावणं आलं. प्रिन्सिपॉल साहेब टेबलामागे, गुरुजी खिडकीपाशी, आणि टेबलावर तो पेपर.

"बाई," साहेब म्हणाले, "शिवाशिव पाळणं हा आता गुन्हा आहे. गेल्या वर्षीच कायदा झालाय. उद्या तुम्ही शाळेत पोरांना काय शिकवणार? मला हा पेपर रद्द करावा लागेल. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा."

सांगायचं होतं. सगळं ओठांवर होतं. पण दोन परक्या पुरुषांपुढे ते सांगायचं कसं? जे सख्ख्या भावाला कधी सांगितलं नाही, नवऱ्यालाही नुसतं बाजूला बसून कळवलं, ते इथे बोलायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पुष्पाबाईंना बोलवा म्हणावं तर सकाळचं खोटं उघडं पडतं, आणि पुष्पाबाई आधी बोर्डिंगमधूनच काढतात. त्यांनी मान खाली घातली.

"आजारी होतात? घेरी आली?" साहेबांनी आपणहून वाट काढून द्यायचा प्रयत्न केला. भला माणूस होता. "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं कदाचित. पण सगळ्या बायांनी पाहिलं होतं. घेरी आलेली बाई पदर सावरून मागे सरत नाही.

"मी माफी लिहून देते," सुगंधाबाई कशाबशा म्हणाल्या. "काय म्हणाल ते लिहून देते. पण पेपर रद्द करू नका. माझी लेक..."

तेव्हा गुरुजी पहिल्यांदा बोलले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"मला माफी नको, बाई. माफ्या पुष्कळ झाल्या. वर्षभर तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. मी घरी बायकोला सांगितलं होतं, एक बाई आहे, तिच्या मनात काही नाही. आज पेपर संपला, गणित येऊ लागलं, आता माझी गरज उरली नाही, म्हणून खाली ठेवलात. एवढंच ना? तेवढं हो म्हणा. मी तक्रार मागे घेतो. पण हो म्हणा."

सुटका समोर होती. एक "हो", की पेपर वाचला, भिकी वाचली. सुगंधाबाईंनी तोंड उघडलं. गुरुजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्या जमिनीकडे बघत बोलल्या. कॉलेजातली पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली.

"विटाळ तुमना नही, गुरुजी. मना शे. आज मना शे. तुमले लागू नये म्हनीसन मी पेपर खाले ठेवा."

बोलल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. तोंडावर पदर घेतला. मरण येईल तर बरं, असं त्या वेळी त्यांना खरोखर वाटलं. साहेब उगाच दौतीचं झाकण लावायला लागले.

गुरुजींनी टेबलावरचा पेपर उचलला. वरच्या पानाला जमिनीची धूळ लागली होती, ती कोटाच्या बाहीनं पुसली. "साहेब, माझी तक्रार नाही," ते म्हणाले. "पेपर गठ्ठ्यात लावतो."

सुगंधाबाई उठल्या. दोघं एकदमच दाराशी आले आणि एकदमच थांबले. तिनं अंग चोरलं, आपला विटाळ त्यांना होऊ नये म्हणून. त्यांनीही अंग चोरलं. बाई समोरून आली की बाजूला व्हायचं, सावली पडू द्यायची नाही, हे त्यांच्या पायांनी लहानपणीच पाठ केलं होतं. दार चांगलं रुंद होतं. दोघं दोन्ही चौकटींना चिकटून उभे राहिले, आणि मधून कोणीच जाईना.

शेवटी गुरुजींनीच पेपर तिच्यापुढे धरला.

"बाई, राहिलेलं काम पुरं करा," ते म्हणाले. "हातात द्या."

तिनं पेपर घेतला. घेतला, पण परत देता येईना. सरस्वती आठवली, आई आठवली, गेल्या वर्षीचा निकाल आठवला. देवीला दिलेला शब्द मोडला आणि पुन्हा नापास झाले तर? मग भिकीची ती पाठ आठवली. गुरुजी हात पुढे करून उभे होते, आणि या वेळी ते हात मागे घेणार नव्हते.

सुगंधाबाईंनी डोळे मिटले आणि पेपर त्यांच्या हातात दिला.