काढलेली शाल

तुम्ही दोघांनी पाठवलेला व्हिडिओ पाहिला. एक बाप गाण्याच्या स्पर्धेतल्या परीक्षकबाईंच्या खांद्यावर शाल घालतो, त्याची मुलगी बाजूला मान खाली घालून उभी आहे, बाईंच्या डोळ्यांत पाणी आणि मागे व्हायोलिन. खाली तुम्ही लिहिलंत, ‘आजी, ही आपल्या बिल्डिंगमधली ताई ना? आम्हाला रडू आलं.’ हो, तीच. आणि डाव्या कडेला करड्या साडीचा पदर दिसतो, तो माझा. मी तिथे होते, म्हणून काय झालं ते क्रमाने लिहिते. रडायचं की नाही ते नंतर ठरवा.

ताई आमच्या खालच्या मजल्यावर राहते. इथे पडेगावला आम्ही राहायला आलो तेव्हा ती भिंत धरून चालत होती. तिच्या वडिलांची फुलंब्रीला शेती आहे आणि शहरात नोकरी. आठवडाभर कचेरी आणि रविवारी आल्याचं शेत. ते मला काकू म्हणतात. यंदा ताईला इथल्याच एका चांगल्या कॉलेजात फार्मसीला प्रवेश मिळाला, आणि त्याच पावसाळ्यात ती टीव्हीवरच्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत पोहोचली. दोन्ही गोष्टी एकदम आल्या आणि तिथेच घोळ झाला.

अंतिम फेरीच्या आधीचा भाग आम्ही सगळ्यांनी त्यांच्या घरी बसून पाहिला. ताई गायली. तिघा परीक्षकांतल्या ज्या बाई स्वतः सिनेमात गातात, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, “माझ्या पुढच्या सिनेमात तू माझ्यासोबत गाणार. हा माझा शब्द.”

ताईच्या वडिलांनी उभं राहून टीव्हीला हात जोडले.

“काकू, ऐकलं ना? शब्द दिला बाईनं. साऱ्या महाराष्ट्रापुढं!”

“ऐकलं. पण टीव्हीवर बोलण्याची एक रीत असते.”

“रीत कशाची? शब्द म्हंजे शब्द.”

हे समजण्यासाठी तुम्हाला त्यांची भावकी माहीत हवी. सोयरीक असो की बांधाचा तंटा, चार माणसांच्या बैठकीत शब्द गेला की सुपारी फुटली. त्यानंतर लिहून मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान. इथे तर चार माणसं नव्हेत, घरोघरचे टीव्ही साक्षीला होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावी सांगूनही टाकलं की पोरगी आता मुंबईला गाणार, फार्मसी नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “सोयरीक जमल्यावर कुणी दुसरी स्थळं बघतं का, काकू?”

मला मात्र त्या रडण्यात काहीतरी खटकलं होतं. बाईंच्या केसांत सोनचाफ्याचं फूल होतं. आपल्या गच्चीवरच्या कुंडीतला चाफा तुम्ही पाहिला आहे. सकाळी खुडलेलं फूल दुपार उलटली की कडेने तपकिरी पडायला लागतं. मी तो भाग फोनवर पुन्हा लावला आणि थांबवून थांबवून पाहिला. शब्द देताना फूल तपकिरी होतं. रडताना ते पिवळंधमक, नुकतं खोचलेलं होतं.

मी ताईला वर बोलावलं. “तू गायलीस कधी?”

“माझा नंबर शेवटी होता, आजी. संध्याकाळ झाली होती. का?”

मी दोन्ही चित्रं दाखवली. तिने ती बोटांनी मोठी करून पाहिली.

“म्हणजे त्या सकाळीच रडल्या? मी गायच्या आधी?”

“फूल तरी तसं सांगतंय.”

“पण शब्द त्यांनी खरंच दिला. मी समोर होते, आजी.”

“दिला असेल. ज्यांनी अश्रू इकडचे तिकडे लावले, ते शब्दाचं काय करतील ते मला माहीत नाही.”

ती खाली गेली. प्रवेश पक्का करण्याची मुदत संपत आली होती. खालून आवाज यायचे. तिची आई म्हणायची, “त्या बाईचा पत्ता तरी ठाऊक आहे का तुम्हाला?” आणि वडील म्हणायचे, “सूर्याचा पत्ता विचारते व्हय?” मुदतीच्या आदल्या दिवशी ताई पुन्हा वर आली.

“आजी, उद्या माझ्यासोबत कॉलेजला येता? पप्पांना नका सांगू.”

मी गेले. जागा पक्की झाली. रिक्षातून परतताना ती अंतिम फेरीचंच गाणं गुणगुणत होती, आणि मला वाटलं, हिचा दोन्हीवर हक्क आहे.

अंतिम फेरीला घरच्या दोघांना बोलावणं होतं. ताईच्या आईने आपली जागा मला दिली. “तुम्ही जा, काकू. तुम्हाला त्या लोकांशी बोलता येतं. आणि ह्यांच्याकडं लक्ष ठेवा. पिशवीत शाल-नारळ घेतलेत.”

मुंबईच्या त्या स्टुडिओत मला जे हवं होतं ते सगळं दिसलं. म्हणजे ज्याचा संशय होता ते. एक माणूस प्रेक्षकांपुढे उभा राहून टाळ्या वाजवून घेत होता. मंचावर तेव्हा झाडलोट चालली होती. मग परीक्षकांना सांगितलं, “एकदा उभं राहून घ्या.” तिघे उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, बसले. समोर गाणारं कोणी नव्हतं. मी ताईच्या वडिलांना कोपराने ढोसलं.

“बघितलंत?”

“तालीम आहे, काकू. लग्नात पण आधी वाजंत्री जुळवून घेतात.”

पाचही मुलं गायली. ताई चांगली गायली आणि तिसरी आली. पहिला आलेला मुलगा तिच्याहून वरचढ होता, हे मीच नव्हे तर तिचे वडीलही मानतात. त्यांचं लक्ष निकालात नव्हतंच. चित्रीकरण आटोपल्यावर मागच्या अरुंद बोळात बाई येताना दिसल्या, तसे ते पिशवी उघडून वाटेत उभे राहिले. बाईंनी दागिने उतरवले होते, केस मोकळे होते. त्यांच्या मागून एकजण कॅमेरा खांद्यावरून काढून हातात धरून येत होता. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे होतं, तेव्हा तो बंद असावा असं मी धरून चालले.

“बाईसाहेब, मानाची शाल आणलीय,” वडील म्हणाले. “तुम्ही पोरीला शब्द दिला, म्हणून.”

“कुठला शब्द, दादा?” बाई थकल्या होत्या, पण आवाजात तोरा नव्हता.

“तुमच्या पिच्चरमधी गायचा. साऱ्या महाराष्ट्रानं ऐकला.”

बाईंनी ताईकडे पाहिलं. “दादा, गाणं कुणी गायचं ते संगीतकार ठरवतात. मलाच कधी मिळतं, कधी नाही. त्या दिवशी मला वाटलं, बोलून गेले. हिचं शिक्षण चालू आहे ना? ते सोडवू नका.”

“सोडवलं की. तुमच्या शब्दावर सोडवलं.”

बाई मागे सरकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं की ज्याला टाळ्या वाजवून घेणाऱ्या माणसाची गरज नव्हती. त्या घाबरल्या होत्या.

“नाही सोडलं, पप्पा,” ताई म्हणाली. “मी प्रवेश घेतला. आजी होत्या सोबत.”

वडील माझ्याकडे वळले. “काकू, तुम्ही बी?”

“हो.”

“म्हंजे तुम्हा दोघींना भरवसाच नव्हता व्हय?”

“मला गायचंच आहे,” ताई म्हणाली. “पण यांचा फोन येईल म्हणून घरात वाट बघत नाही बसायचं मला.”

बाई म्हणाल्या, “दादा, ही शाल हिच्या गुरुजींना द्या.”

“नाय. आमच्यात काढलेली शाल परत घडी घालत नाहीत.” त्यांनी ती बाईंच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि नमस्कार केला. त्या क्षणी ताईने मान खाली घातली. बाई वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी हातभर अंतरावर होते. जाताना त्या ताईला हळूच म्हणाल्या, “वरचा सा घाईत सोडतेस. थांबत जा त्याच्यावर.”

परतीच्या गाडीत वडील खिडकीकडे तोंड करून बसले. मी डबा पुढे केला, तो घेतला नाही. लासूर स्टेशन मागे पडल्यावर त्यांनी ताईला विचारलं, “कॉलेज कधी सुरू?”

“सोमवारी.”

“मग शनिवारी शहागंजच्या बाजारात जाऊ. तुला पिशवी लागंल.”

माझ्याशी ते पुढचे काही दिवस बोलले नाहीत. मग एका रविवारी दारात ओल्या आल्याची पिशवी ठेवलेली दिसली, त्यावरून मी काय ते समजले.

त्यानंतर अंतिम फेरी दाखवली आणि तुम्ही पाठवलेला तो तुकडा टीव्हीवर आला. कॅमेरा चालू होता, आणि बोलण्याच्या नादात तो कधी वर उचलला गेला ते मला कळलंच नव्हतं. शाल आहे, नमस्कार आहे, ताईची खाली घातलेली मान आहे. फक्त ती लाजल्यासारखी दिसते. ‘कुठला शब्द, दादा’ नाही. ‘नाही सोडलं, पप्पा’ नाही. त्याऐवजी बाईंचा चेहरा जवळून दिसतो आणि डोळे भरून आलेले. आता तो चेहरा तुम्ही पुन्हा लावून पाहा. केस बांधलेले आहेत आणि त्यांत सोनचाफ्याचं ताजं फूल आहे. बोळात त्यांच्या केसांत काहीच नव्हतं.

खालच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो व्हिडिओ दाखवतात. व्हायोलिन सुरू झालं की मला वरही ऐकू येतं. परवा ताईचे वडील जिन्यात कुणाला तरी सांगत होते, “बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं हो.” ते स्वतः तिथे उभे होते, तरी आता त्यांना तसंच आठवतं. फुलाचं मी त्यांना सांगितलेलं नाही. बाईंचं बोलावणं येईल म्हणून फोन ते रात्रंदिवस चालू ठेवतात, कॉलेजला मात्र मुलीला स्वतः गाडीवर सोडतात.

बाई त्या बोळात खरं बोलल्या की कॅमेरा पाहून शहाणपणाने बोलल्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ताईने ते ठरवायची वाट पाहिली नाही. रोज सकाळी ती पांढरा कोट हातावर टाकून जिना उतरताना गाते. खाली वडील हॉर्न वाजवत असतात, “चल की, उशीर होतोय!” आणि ती मधल्या पायरीवर उभी राहून वरचा सा धरून ठेवते.