नागपूरचं लायसन, अंबरनाथचं गेट

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत ॲसिडचा टँकर चालवायचे. लायसन मात्र नागपूरचं, जुनं, पुस्तकासारखं. कंपनीत नव्याने आलेल्या साहेबांनी ते गेटवरच परत केलं. "बाहेरचं लायसन म्हणजे बोगस. खरं असेल तर सिद्ध करा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका." केस पांढरे होईपर्यंत टँकर चालवलेल्या माणसाला हे ऐकवायचं?

त्यात माझी वेगळीच पंचाईत. देशभरातल्या लायसनांचं रेकॉर्ड तेव्हा नुकतंच एकत्र कॉम्प्युटरवर येत होतं आणि त्याविरुद्ध मीच उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये पत्रकं वाटली होती, 'ड्रायव्हरवर पाळत कशाला?' आता त्याच रेकॉर्डसाठी मी बाबांना घेऊन आरटीओच्या खिडकीवर उभी. बाबा म्हणाले, "तुझी पत्रकं पिशवीत ठेव बाई, आधी माझा नंबर सांग."

क्लार्कने नंबर टाकला. पडद्यावर बाबांचं नाव आलं, अवजड वाहन आलं, धोकादायक मालाची परवानगी आली. गुन्ह्यांचा रकाना कोरा. पाळतीचा राग मला आजही येतो, पण त्या खिडकीत मी ओरडलेच, "बघा!"

सोमवारी गेटवर साहेबांनी क्लार्कने छापून दिलेला कागद दोनदा वाचला. मागे सगळे ड्रायव्हर जमलेले. बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, दिल्लीपर्यंत नाव आहे आपलं. तुम्हीपण गाडी चालवता ना? द्या तुमचा नंबर, तोही बघून घेऊ."

साहेबांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. ड्रायव्हर खदाखदा हसले. टँकर आत नेताना बाबांनी हॉर्न जरा जास्तच वेळ दाबून धरला.